कागद आणू नका, कागदाचा पत्ता सांगा: हवामानाची सरकारी माहिती आणि जागल्याची सुरक्षितता

खिडकीजवळच्या टेबलावर रजिस्टर उघडं होतं, हवेच्या दर्जाच्या नोंदींचं. माहिती अधिकारात कागदपत्रं जागेवर बसून बघता येतात, पहिल्या तासाला शुल्क नसतं, आणि मी तो तास घड्याळ लावून वापरत होते. एका पानावर सलग सहा दिवस रात्री आठनंतरचे रकाने कोरे होते. शेऱ्यात रोज एकच शब्द: 'देखभाल'. पहाटे नोंदी परत सुरू. पुढच्या महिन्याचं पान उलटलं, तिथेही तेच, फक्त पेन वेगळं. समोर बसलेल्या कारकुनाला मी काहीच विचारलं नाही. पानांचे क्रमांक लिहून घेतले, त्यांच्या साक्षांकित प्रती मागितल्या, पानामागे दोन रुपये भरले आणि पावती घेऊन निघाले.

त्या रजिस्टरपर्यंत मी आपली आपण पोचले नव्हते. ते कोणत्या कपाटात आहे हे आतल्या एका माणसाने सांगितलं होतं. त्याने मला एकही कागद दिला नाही, मोबाइलवर फोटो पाठवला नाही, आणि मीही मागितला नाही. कार्यालय, जिल्हा आणि वर्ष इथे मुद्दाम सांगत नाही.

पाऊस, उष्णता, प्रदूषण, नद्या, जंगल यांच्या सरकारी आकड्यांबद्दल शंका येते पण हात कुठे घालायचा कळत नाही, अशा नवख्यांसाठी हा लेख आहे. आणि जे अशाच कार्यालयात नोकरी करतात, समोर चुकीचं घडताना बघतात आणि रात्री झोप येत नाही, त्यांच्यासाठीही आहे. अशा माणसाला मराठीत 'जागल्या' म्हणतात. जुन्या गावगाड्यात रात्री गस्त घालणारा, गाव झोपलेलं असताना हाळी देणारा तो जागल्या. 'व्हिसलब्लोअर'पेक्षा मला हा शब्द जवळचा वाटतो. त्याने गावासाठी जागायचं आणि गावाने त्याचं पोट सांभाळायचं, असा तो व्यवहार होता. आज पहिला भाग होतो, दुसऱ्याचा पत्ता नसतो.

पायरी १: जे आधीच जाहीर आहे ते वाचून काढा

अर्ज करण्याची घाई नको. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार बरीच माहिती कार्यालयाने कुणी न मागता जाहीर करायची असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी उतरवून घेता येतात. पर्यावरण मंजुरीच्या प्रस्तावांसाठी केंद्राचं 'परिवेश' पोर्टल आहे.

एक खजिना मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे, मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने अटी किती पाळल्या याचा सहामाही अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, आणि हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत असं त्याच अधिसूचनेत स्पष्ट म्हटलं आहे. मंजुरीपत्रातल्या अटी एका बाजूला आणि अहवालातली उत्तरं दुसऱ्या बाजूला ठेवून वाचा. 'अटीची नोंद घेतली' असं उत्तर जिथे दिसेल तिथे खूण करा. अट पाळली की नाही याबद्दल त्या वाक्यात काहीच नसतं.

पायरी २: आकडा बघायला शिका

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अर्धवट समजुतीवर केलेला आरोप उलटतो. तुमच्यावर तर उलटतोच, पुढच्या खऱ्या तक्रारीचीही पत जाते.

हवेचं उदाहरण घेऊ. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. हवा गुणवत्ता निर्देशांक काढायला मात्र पूर्ण २४ तासांच्या नोंदी लागत नाहीत, १६ तासांच्या असल्या तरी चालतं. हा नियम वाईट हेतूने केलेला नाही. यंत्र आहे, वीज जाते, फिल्टर बदलावा लागतो. पण आता हिशोब करा. समजा, १६ तास पातळी ५० आहे आणि रात्रीचे ८ तास १४० आहे. खरी सरासरी येते ८०, म्हणजे मर्यादेच्या वर. तेच रात्रीचे ८ तास 'देखभाली'त गेले तर सरासरी ५०, म्हणजे मर्यादेच्या आत. एकही आकडा खोटा लिहावा लागला नाही. म्हणूनच नवख्यांना मी सांगते, लिहिलेल्या आकड्यांइतकेच कोरे रकाने वाचा. कोणत्या वेळी कोरे, कोणत्या ऋतूत कोरे, तपासणी पथक येणार होतं त्या आठवड्यात कोरे होते का. दुसरी खूण म्हणजे एकच आकडा तासन् तास तसाच अडकलेला असणं. हवा इतकी स्थिर नसते. तिसरी खूण, उपकरणाच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे ते बरोबर मोजतंय का हे तपासून जुळवून घेण्याच्या, आधी आणि नंतर आकड्यांनी मारलेली उडी.

पावसाचं त्याहून नाजूक आहे, कारण तिथे आकड्यावर थेट पैसा ठरतो. आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानभरपाईचा विचार त्यावरून होतो. मंडळातलं पर्जन्यमापक झाडाखाली असेल, भिंतीला टेकून असेल, नाहीतर त्याच्या नरसाळ्यात पाला अडकला असेल तर शेकडो शेतकऱ्यांचा हक्क दोन-चार मिलिमीटरने हुकतो. तिथे केंद्राच्या जागेची पाहणी आणि देखभालीच्या नोंदी मागणं अगदी योग्य आहे.

पण थांबा. दोन खात्यांचे पावसाचे आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच घोटाळा म्हणू नका. हवामान खात्याचा पावसाचा 'दिवस' सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारी रात्री कोसळलेला पाऊस बुधवारच्या खात्यात दिसतो. तसंच 'सरासरी'चं. मोसमी पावसाची देशाची दीर्घकालीन सरासरी २०२२ मध्ये ८८ सेंटिमीटरवरून ८७ झाली, तेव्हा पाऊस कमी दाखवायचा डाव आहे असं अनेकांना वाटलं. प्रत्यक्षात आधार-कालावधी १९६१ ते २०१० ऐवजी १९७१ ते २०२० धरला गेला होता, आणि ते उघडपणे सांगितलेलं होतं. आधार-कालावधी विचारल्याशिवाय 'सरासरीपेक्षा जास्त' किंवा 'कमी' या शब्दांवर विसंबू नका.

चांगलं सरकारी विज्ञान कसं दिसतं हेही माहीत असावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या साथीने तयार केलेला देशाचा पहिला हवामानबदल आढावा २०२० मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढलं, १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात ठळक आहे, हे सरकारच्याच कागदावर आहे. धरण, रस्ता, खाण यांच्या प्रस्तावात याच्या उलट गृहीतक दिसलं तर तुमचा प्रश्न तिथे सुरू होतो.

पायरी ३: अर्ज

कार्यालय राज्याचं की केंद्राचं, हे आधी ठरवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्हाधिकारी, महापालिका, कृषी खातं यांच्यासाठी जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मजकूर १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय. हवामान खातं किंवा केंद्रीय मंत्रालय असेल तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन अर्ज, मर्यादा ५०० शब्दांची. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. कार्यालय चुकलं तरी हरकत नाही, कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचं असतं.

माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. तरी पहिल्या अर्जात लोक दोन पानं कारण लिहितात, आणि त्यात आपले सगळे पत्ते उघडे करतात. कारण लिहू नका.

'का' आणि 'कसं काय' विचारू नका. हा कायदा खुलासा देत नाही, कागद देतो. 'यंत्र रात्री बंद का होतं?' याला 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येईल. तेच असं लिहा:

'विषय: हवा गुणवत्ता मापन केंद्रांच्या नोंदी. कालावधी: १ ऑक्टोबर २०२४ ते ३१ मार्च २०२५. तपशील: जिल्ह्यातील सर्व केंद्रांच्या तासागणिक मूळ नोंदी, उपकरणे बंद असल्याची नोंदवही, कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे, देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराचे भेट-अहवाल व देयके. प्रती घेण्यापूर्वी अभिलेखाचे निरीक्षण करावयाचे आहे.'

यात 'मूळ नोंदी' हा शब्द महत्त्वाचा. छाननी होऊन सुधारलेला आकडा आणि यंत्राने नोंदवलेला आकडा, दोन्ही हवेत. 'देयके' का, तर देखभाल झाली म्हणून पैसे दिले असतील तर बिल असेल, आणि बिल नसेल तर शेऱ्यातल्या त्या शब्दाचा अर्थ बदलतो.

अहवालाच्या बाबतीत मसुदे आणि नस्तीवरच्या (म्हणजे फाइलवरच्या) टिपण्या मागा. तीही माहितीच आहे, कारण कलम २(च) मध्ये अभिलेख, ज्ञापने, ई-मेल, अभिप्राय, सल्ला, लॉगबुक, नमुने, प्रतिमाने, सगळं येतं. मसुदा आणि अंतिम प्रत शेजारी ठेवली की काय खोडलं ते दिसतं. अमेरिकेत जून २००५ मध्ये नेमकं हेच झालं. रिक पिल्ट्झ हे सरकारच्या हवामानबदल विज्ञान कार्यक्रमात काम करत होते. राजीनामा दिल्यावर त्यांनी मसुदे बाहेर दिले. व्हाइट हाउसमधले फिलिप कूनी, जे शास्त्रज्ञ नव्हते आणि आधी तेल कंपन्यांच्या संघटनेत होते, त्यांच्या हातच्या दुरुस्त्या त्यावर होत्या. 'अनिश्चितता' या शब्दाआधी 'लक्षणीय आणि मूलभूत' असे दोन शब्द घालून शास्त्रज्ञांचं निश्चित विधान सैल केलेलं होतं. बातमी आल्यावर काही दिवसांतच कूनी यांनी राजीनामा दिला आणि ते एक्सॉनमोबिल या तेल कंपनीत गेले. बदल दोन शब्दांचा होता. तुम्हीही असेच छोटे शब्द शोधा.

अर्ज हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पायरी ४: नकार आला, किंवा काहीच आलं नाही

३० दिवस मोजा. त्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करायचं, राज्यात त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. त्याचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील. उशिरा दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे मोफत द्यावी लागते, आणि आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. आयोगात तारीख लागायला फार वेळ जातो, हे मान्य करूनच चाला. म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी गांभीर्याने घ्या. बरीच माहिती तिथेच हाती येते.

'अहवाल अजून अंतिम नाही' हा नकार पर्यावरणाच्या बाबतीत सर्रास येतो. त्याला उत्तर आपल्याच घाटातून मिळालेलं आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने ३१ ऑगस्ट २०११ ला केंद्राला अहवाल दिला. मंत्रालयाने तो दाबून ठेवला. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला, तेव्हा अहवाल विचाराधीन आहे, तो उघड केल्याने राज्याच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधा येईल, असं कलम ८(१)(क) पुढे करून सांगण्यात आलं. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ ला तो जाहीर करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं, आणि मे २०१२ मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला. त्यानंतरच सिंधुदुर्गातल्या माणसाला आपल्या तालुक्याबद्दल शास्त्रज्ञ काय म्हणतात ते वाचता आलं. आपल्या अपिलात या प्रकरणाचा उल्लेख जरूर करा. 'मसुदा आहे' एवढ्या कारणावर माहिती नाकारता येईल असं कलम ८ मध्ये कुठेही नाही.

कंपनीची व्यापारी गुपितं हे दुसरं कारण, कलम ८(१)(घ). तिथे व्यापक जनहित दाखवा: हवा, पाणी, आरोग्य. तिसरं कारण व्यक्तिगत माहितीचं, आणि ते आता जास्त अडचणीचं झालं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललं आणि त्या कलमात आधी असलेली जनहिताची वाट काढून टाकली. कलम ८(२) मधली जनहिताची तरतूद मात्र शाबूत आहे, तिचा आधार घ्या. आणि अर्ज लिहितानाच 'कोणी केलं' यापेक्षा 'काय केलं' ते मागा. नावं काळी करून द्या, असं स्वतःच लिहिलंत तर कलम १० प्रमाणे उरलेला कागद नाकारणं कठीण जातं.

पायरी ५: आतला माणूस भेटला तर

एक दिवस कुणीतरी चहाच्या टपरीवर शेजारी बसेल आणि म्हणेल, 'ताई, आमच्याकडे एक गोष्ट आहे.' त्या क्षणी आपल्या तोंडून पहिला प्रश्न 'पुरावा आहे का?' असा निघतो. तो गिळा. तो प्रश्न त्या माणसाला कपाटाकडे, झेरॉक्सच्या यंत्राकडे, मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे ढकलतो. पहिला प्रश्न हा असावा: 'हे किती जणांना माहीत आहे?'

उत्तर तीस असेल तर थोडी मोकळीक आहे. तीन असेल तर तुमचा अचूक प्रश्न म्हणजे त्याच्या नावाची पाटी. समजा त्याने सांगितलं की अमुक केंद्राच्या १२ जानेवारीच्या नोंदी बदलल्या. तुम्ही अर्जात 'त्या केंद्राच्या १२ जानेवारीच्या नोंदी द्या' असं लिहिलंत, तर साहेब दुपारी जेवणाच्या सुट्टीत शोधून काढतील. त्याऐवजी जिल्ह्यातली सगळी केंद्रं, सहा महिने, सोबत कॅलिब्रेशन आणि बिलं. हवी असलेली सुई गवताच्या गंजीत टाकूनच मागायची. चारशे पानं येतील, आठशे रुपये जातील. द्या. निरीक्षणाला गेलात तर सगळ्या रजिस्टरांवर सारखाच वेळ घालवा, नको असलेल्या पानांच्या प्रतीही घ्या. मी त्या दिवशी अकरा पानांसाठी साठ पानं घेतली होती.

अर्ज कुणी करायचा, हेही ठरवावं लागतं. आतल्या माणसाच्या गावचा, जातगोताचा, एकाच सोसायटीतला अर्जदार नको. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मित्राने केला तर उत्तम. घरचा पत्ताही द्यायलाच हवा असं नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर पोस्ट बॉक्स क्रमांकावरही अर्ज करता येतो. जमिनीच्या व्यवहारांमागे माहिती अधिकारातून लागलेले सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाड्यात सकाळी फिरायला बाहेर पडले असताना मारले गेले. पत्त्याची काळजी घेणं हा भित्रेपणा नाही.

संपर्काचे नियम थोडे आणि कडक ठेवा. कार्यालयाचा ई-मेल, वायफाय, संगणक, प्रिंटर यांपैकी कशालाही हात लावायचा नाही, कारण या सगळ्यावर नोंद राहते. फोनवर काय बोललात ते कुणी ऐकलं नसलं तरी किती वाजता, किती मिनिटं बोललात ते कंपनीकडे असतं. समोरासमोर भेट सगळ्यात चांगली, आणि त्या वेळी फोन घरी. त्याने न विचारता कागद दिलाच, तर तो जसाच्या तसा कुणालाही पुढे पाठवू नका. फोटोत वेळ आणि यंत्राची माहिती दडलेली असते, झेरॉक्सवर कडेचा डाग असतो, समासात कुणाचं तरी अक्षर असतं. वाचा, आशय लिहून काढा आणि तोच कागद माहिती अधिकारातून अधिकृतपणे मिळवा. 'हे खरं आहे का' म्हणून तो कागद अधिकाऱ्याला दाखवणं, ही नवख्या पत्रकारांकडून होणारी सगळ्यात घातक चूक आहे.

आणि घाई. त्याने सोमवारी सांगितलं आणि अर्ज बुधवारी गेला, असं करू नका. कागद नष्ट होण्याची भीती असेल तरच लवकर हालचाल करा, आणि तीही त्याला विचारून. किती धोका पत्करायचा हे तो ठरवेल, तुम्ही नाही.

पायरी ६: तुम्हीच आतले असाल तर

तुमच्यासाठी पहिला उपाय अगदी साधा आहे आणि नोकरीच्या नियमांत बसणारा आहे: तोंडी आदेशाची लेखी पुष्टी मागा. टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ ला म्हटलं की सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते नोंदवून घ्यावेत. केंद्राच्या वर्तणूक नियमांतही तोंडी आदेशाची लेखी पुष्टी घेण्याचं कर्तव्य आहे. भाषा नम्र आणि कोरडी ठेवा: 'आजच्या चर्चेत दिलेल्या निर्देशांनुसार तक्ता क्र. ३ मधील नोंदी वगळावयाच्या असल्यास कृपया लेखी पुष्टी व्हावी.' बहुतेक वेळा पुष्टी येत नाही आणि नोंदी वगळल्याही जात नाहीत. तुमचं मत वेगळं असेल तर ते नस्तीवर टिपणीत लिहा. एकदा नस्तीवर गेलं की ते माहिती अधिकाराच्या कक्षेत आलं, आणि तुम्ही कुठे काही पोचवलं असंही कुणी म्हणू शकत नाही.

घरी एक डायरी ठेवा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, आणखी कोण हजर होतं. मूळ कागद, नस्ती, पेन ड्राइव्ह घरी आणू नका. चोरीचा गुन्हा, शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा, वर्तणूक नियम, हे सगळं एका कागदासाठी अंगावर येऊ शकतं. कागद जिथे आहे तिथेच राहू द्या, त्याचा पत्ता पाठ करा.

कायद्याचं संरक्षण किती आहे, ते स्पष्ट सांगते. संसदेने २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण हे लिहीपर्यंत तो अंमलात आणलेला नाही. अमेरिकेत २०१२ च्या दुरुस्तीने संशोधन आणि तांत्रिक माहिती दडपली जात असल्याचं सांगणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला स्वतंत्र संरक्षण दिलं. आपल्याकडे असं काही नाही.

आहे तो जनहितासाठी गैरप्रकार कळवणाऱ्यांच्या संरक्षणाचा २००४ चा केंद्राचा ठराव, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पिडपी' (PIDPI) म्हणतात. त्यामागे सत्येंद्र दुबे यांचं नाव आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातल्या या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयामध्ये त्यांना गोळी घालून मारलं. सीबीआयच्या तपासात तो लुटीचा गुन्हा ठरला. पण विनंती करूनही नाव फिरलं, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही.

या ठरावाखाली तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांकडे टपालाने, बंद पाकिटातून करायची. पाकिटावर ही 'पिडपी' तक्रार असल्याचं लिहायचं, पण स्वतःचं नाव-पत्ता लिहायचा नाही. आत मात्र नाव-पत्ता हवाच, निनावी तक्रार घेतली जात नाही. मजकूर असा लिहा की त्यातून लिहिणारा कोण ते ओळखू येऊ नये. 'मी गेली सहा वर्षं या कार्यासनात' असं वाक्य आलं की गुप्तता गेली. नाव वेगळ्या कागदावर जोडलं तर बरं. पोच येत नाही, आणि आयोग पुढचा पत्रव्यवहार टाळायला सांगतो, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून दुसरं पत्र टाकू नका. त्रास सुरू झाला तर आयोगाकडे दाद मागता येते.

मर्यादा दोन आहेत. तक्रार भ्रष्टाचार किंवा पदाच्या गैरवापराची असावी लागते. आणि ही सोय केंद्र सरकार, त्याच्या कंपन्या आणि संस्था यांच्यातल्या गैरप्रकारांपुरती आहे. हवामान खात्यातला प्रकार यात येतो, राज्याच्या प्रदूषण मंडळातला येत नाही. राज्यात लोकायुक्तांकडे तक्रार करता येते, पण तिथे गुप्ततेची अशी चौकट नाही. म्हणून राज्याच्या कर्मचाऱ्याने स्वतः तक्रारदार होण्याआधी पायरी पाचमधली वाट दहादा तपासून बघावी.

सूड बहुधा बदलीच्या रूपाने येतो. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने साधारण तीन वर्षांचा कालावधी दिलेला आहे, मुदतीआधी बदली करायची तर कारणं नोंदवावी लागतात. आदेश हाती पडताच त्याची प्रत आणि कारणांची नोंद मागा, आणि वकिलाला घेऊन मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जा. रुजू झाल्यावर महिनाभराने जाण्यात जोर राहत नाही.

पायरी ७: धमकी आली तर

पहिली धमकी बहुतेक गोड असते: 'तुम्ही चांगले आहात, कशाला यात पडता.' ती तारखेसह लिहून ठेवा. दुसरी आली की पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार, पोच घेऊन, आणि तिची प्रत निदान चार जणांकडे. गंभीर गुन्ह्यातले साक्षीदार असाल तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करता येतो, त्याची समिती जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते.

मिळालेली कागदपत्रं एकट्याच्या कपाटात ठेवू नका. आली त्या आठवड्यात दोन-तीन संघटनांना, एखाद्या विश्वासू पत्रकाराला, एखाद्या वकिलाला पूर्ण संच द्या आणि तसं दिल्याचं लोकांना कळू द्या. संबंधित प्रकरण पर्यावरण मंजुरीचं असेल तर तारखांवर लक्ष ठेवा: मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी ६०, त्यानंतर दार बंद. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. अपिलाला जोडायच्या प्रती माहिती अधिकारातून आलेल्या, शिक्का असलेल्याच असाव्यात. आतल्या माणसाने काही दिलं असेल, तर ते त्या संचात एका पानानेही जाता कामा नये.